टिपरचे मागचे पाटे एकाच बाजूला पुन्हा पुन्हा तुटतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या टोप-कासारवाडीच्या पट्ट्यातून खडी आणि मुरूम ओढणारा दहा टायरी टिपर. बोगीतले, म्हणजे मागच्या जोड-ॲक्सलवरचे, उजव्या बाजूचे पाटे (लीफ स्प्रिंग) वर्षभरात तीनदा तुटले, आणि दर वेळी तुटला तेवढा पाटा बदलून गाडी कामाला लावली. आता रिकामी गाडीसुद्धा उजव्या अंगाला झुकते, उजवीकडच्या मागच्या टायरांची कड खाल्ली जाते, आणि भरलेली गाडी जागची हलताना खालून 'कट्ट' असा आवाज येतो. मेस्त्री म्हणतात, दोन पाटे वाढवून टाकू. मालक विचारतात की वाढवावेत का, नाही तर काय करावं, आणि काम होईपर्यंत गाडी चालवावी का.

मालक, पाटे वाढवू नका. वाढवल्यावर गाडी काही आठवडे सरळ उभी दिसेल, पण आजार आत तसाच राहील आणि पुढच्या वेळी पाट्याऐवजी ब्रॅकेट किंवा चेसिस जाईल. तुम्ही सांगितलेली लक्षणं एकत्र ठेवली की माझं लक्ष पाट्यांवरून उठतं आणि पाटे धरून ठेवणाऱ्या जागेवर जातं. यू-बोल्ट, सॅडल, ट्रनियनचे बुश आणि टॉर्क रॉड, या चौघांपैकी एक तरी सैल झालेला असणार. बहुतेक एकापेक्षा जास्त.

भार कसा उतरतो ते आधी बघू, कारण त्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. चेसिसला दोन्ही बाजूंना खाली ब्रॅकेट असतात आणि त्यांत जाडजूड आडवा शाफ्ट असतो, तो ट्रनियन. त्याच्यावर बुश, म्हणजे झीज सोसणारी नळी, घातलेलं सॅडल थोडं मागेपुढे डोलतं. सॅडलवर पाट्यांचा गठ्ठा उलटा बसतो, म्हणजे लांब पाटा खाली आणि आखूड पाटे वर, आणि यू-बोल्ट त्याला सॅडलशी आवळून धरतात. गठ्ठ्याची दोन टोकं पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरच्या पॅडवर फक्त टेकलेली असतात, तिथं काही बांधलेलं नसतं. त्यामुळं पाटा फक्त उभा भार घेतो. इंजिनाचा ओढा आणि ब्रेकचा रेटा झेलणं, ॲक्सल पुढेमागे आणि आडवा सरकू न देणं ही कामं ॲक्सल चेसिसला जोडणाऱ्या टॉर्क रॉड आणि व्ही-रॉडची.

या रचनेत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. गठ्ठा सॅडलच्या वर बसलेला असल्यामुळं चेसिसचं वजन सॅडलला खाली ओढतं आणि सॅडल यू-बोल्टमार्फत गठ्ठ्याला खाली ओढतं. म्हणजे हौद्यातली सगळी खडी यू-बोल्टवर लोंबकळत असते. साध्या दोन ॲक्सलच्या गाडीत यू-बोल्टचं काम मुख्यतः बांधून ठेवण्याचं असतं, इथं तो प्रत्यक्ष भार वाहतो. तो अर्धा आटा सैल झाला तरी गठ्ठा मधोमध उचल खायला लागतो आणि सगळा वाक सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळे पाटे मधोमध ओवणाऱ्या बोल्टच्या, भोकापाशी गोळा होतो. पाट्यातली सगळ्यात कमजोर जागा तीच, कारण तिथं भोकाइतका पोलाद कमी असतो.

आता पाटे वाढवण्याचा हिशेब. गठ्ठ्यात सारख्या जाडीचे दहा पाटे असतील आणि त्यात दोन घातले तर गठ्ठा पाचव्या हिश्श्यानं कडक होतो. मूळ मापापेक्षा जाड पाटा घातला तर फरक आणखी झपाट्यानं वाढतो, कारण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. जाडी १० टक्के वाढली की त्या पाट्याचा कडकपणा ३३ टक्के वाढतो. खड्ड्यातला दणका पाट्यानं गिळला नाही तर तो सॅडल, ब्रॅकेटचे बोल्ट आणि ॲक्सल हाउसिंगपर्यंत जातो. शिवाय गठ्ठा उंच झाल्यामुळं जुन्या यू-बोल्टला नटपुरता आटा उरत नाही, गाडीची मागची उंची बदलते आणि इंजिनाचा ओढा ॲक्सलला नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडून त्याच्या टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट लवकर खराब होतात. हे सगळं एकाच बाजूला केलं तर गाडी वळणावर दोन्हीकडं सारखी झुकत नाही, आणि भरलेल्या टिपरला ते घाटात महागात पडतं.

उजवी बाजूच का, हा मला या प्रश्नातला सगळ्यात बोलका भाग वाटला. आपण रस्त्याच्या डाव्या अंगानं चालतो आणि पाणी जावं म्हणून रस्त्याला कडेकडं उतार असतो. त्यामुळं साधारणपणे डाव्या बाजूवर भार थोडा जास्त पडतो आणि डावे पाटे आधी दमतात. तुमचे उजवे जात आहेत, तेव्हा रस्त्याला दोष देऊन चालणार नाही. एक तर उजवीकडं काहीतरी सैल आहे, नाही तर माल उजवीकडं जास्त पडतो. खाणीत लोडर रोज एकाच बाजूनं लागत असेल आणि पहिल्या बकेटांतले मोठे दगड पलीकडच्या अंगाला साचत असतील, तर हौदा वरून सपाट दिसला तरी वजन सपाट नसतं. खाणीतून वर येणाऱ्या वाटेवर एकच वळण रोज भरल्या गाडीनं घ्यावं लागतं का, तेही बघा.

याची खात्री करायला खर्च नाही. जमिनीशी सपाट असा वजनकाटा असेल तर भरलेल्या गाडीची आधी फक्त उजवी चाकं काट्यावर घ्या, मग फक्त डावी. आकडा अगदी काटेकोर मिळणार नाही, पण एक-दोन टनांचा फरक लपणार नाही. मग फक्त बोगीची चाकं काट्यावर उभी करा. जुलै २०१८ पासून दुहेरी ॲक्सलची मर्यादा १९ टनांवरून २१ टन झाली आहे आणि तीन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन २५ वरून २८.५ टन. बोगीचा आकडा २१ च्या किती वर जातो ते लिहून ठेवा.

ब्रासमध्ये बोलायचं तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि खडीचा एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो. हौद्यासकट रिकामी गाडी १२ टनांच्या आसपास धरली तर साडेसोळा टन माल बसतो, म्हणजे पावणेचार ब्रासच्या आत. सहा ब्रास भरले की माल २७ टन होतो, मर्यादेच्या दहा टन वर, आणि ते जादा वजन बहुतेक सगळं बोगीवरच येतं. मुरूम पावसात भिजला असेल तर तेवढ्याच हौद्यात आणखी वजन. पोलाद थकण्याचा हिशेब निर्दय आहे. ताण पाचव्या हिश्श्यानं वाढला तर पाट्याचं आयुष्य निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. दंडाचा भाग वेगळाच: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणं २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. पण दंड नसता तरी मी हेच सांगितलं असतं. सहा ब्रासची सवय असेल तर खाली लिहिलेली दुरुस्ती कितीही चांगली केली तरी टिकणार नाही.

तुटलेल्या पाट्याचे तुकडे भंगारात गेले नसतील तर ते आणा आणि उजेडात बघा. मी गाडीखाली जायच्या आधी तुकडे मागतो, कारण निम्मं निदान तिथंच होतं. सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल तर यू-बोल्ट सैल होता, याबद्दल मला फारशी शंका राहत नाही. यू-बोल्टच्या कडेला, म्हणजे आवळलेला भाग संपतो त्या रेषेवर तुटला असेल तर जादा भार असू शकतो, किंवा सॅडलची बैठक झिजून तिची कड पाट्यात रुतते. टोकाजवळ तुटला असेल तर ॲक्सलवरचा पॅड खाल्ला गेला आहे आणि टोक नीट सरकत नाही.

मग पाट्याचं तुटलेलं तोंड बघा. त्यात बहुधा दोन रंग असतात. एक भाग काळपट-तांबूस, गुळगुळीत, त्यावर कमानीसारख्या बारीक रेषा. ती जुनी चीर, जी कित्येक खेपा हळूहळू वाढत होती. उरलेला भाग दाणेदार आणि चकचकीत, तो शेवटच्या दणक्यात तुटला. कमानींचं केंद्र जिथं आहे तिथून चीर सुरू झाली. तिथं घनाचा घाव, वेल्डिंगचा थेंब, गॅसनं भाजल्याचा निळसर डाग किंवा गंजाचा खड्डा सापडला तर कारण हातात आलं. बोगीच्या उलट्या गठ्ठ्यात प्रत्येक पाट्याचा खालचा पृष्ठभाग ताणला जातो, म्हणून चीर खालून सुरू होते. वरून हात फिरवून ती सापडत नाही. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन खालून बघावं लागतं.

आपल्याकडं गंजाचा मुद्दा मोठा आहे. गगनबावड्याच्या बाजूला किंवा राधानगरीच्या बॉक्साइट पट्ट्यात पावसाळाभर चालणाऱ्या गाड्यांच्या पाट्यांमध्ये तांबडा चिखल बसतो आणि ओल धरून ठेवतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा जी वाहनं पाण्यात उभी राहिली, त्यांच्या बुशमधलं ग्रीस पाण्यानं खराब झालं. गाडी जुनी घेतली असेल तर ती कधी पुराच्या पाण्यात उभी होती का, हे आधीच्या मालकाला जरूर विचारा.

गाडी उघडायच्या आधी मापं घ्या. सपाट सिमेंटची जागा, गाडी रिकामी, मागच्या आठही टायरांत हवा सारखी. चेसिसच्या खालच्या कडेपासून ॲक्सल हाउसिंगच्या वरच्या भागापर्यंत चार ठिकाणी उंची मोजा: पुढचा ॲक्सल उजवा-डावा, मागचा ॲक्सल उजवा-डावा. त्यानंतर ट्रनियनच्या मध्यापासून पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना घ्या. डाव्या-उजव्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ॲक्सल तिरका चालतो आहे आणि टायरची कड त्यामुळंच जाते. टायर बदलून किंवा अलाइनमेंटवाल्याकडं फक्त पुढची चाकं दाखवून हे थांबणार नाही. ही मापं वहीत लिहा, कारण काम झाल्यावर तीच पुन्हा घ्यायची आहेत.

'कट्ट' आवाजासाठी आधी स्वस्तातली जागा बघा. चाकांना ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावा, गाडी न्यूट्रलला ठेवून प्रोपेलर शाफ्ट हातानं फिरवा आणि युनिव्हर्सल जॉइंटमध्ये खेळ आहे का बघा. तिथं काही नसेल तर टॉर्क रॉडच्या प्रत्येक टोकाला पहार घालून रेटा. रबर फाटलेलं, एका बाजूला दबलेलं किंवा तेलानं फुगलेलं असेल तर तो रॉड गेला. पाटे करकरू नयेत म्हणून त्यांच्यावर जळकं ऑइल मारायची सवय आपल्याकडं जुनी आहे. ते ऑइल ओघळून टॉर्क रॉडच्या रबरावर येतं आणि रबर सुजून मऊ पडतं. ती सवय आजपासून बंद करा. टॉर्क रॉडचं एक टोक सैल झालं की ॲक्सल प्रत्येक ब्रेकला थोडा वळतो, त्याच्यावर टेकलेलं पाट्याचं टोक घासत पुढेमागे जातं आणि जो रेटा पाट्यानं कधी घ्यायचाच नाही तो पाट्यावर येतो.

ट्रनियनच्या बुशचा खेळ बघायला चेसिस जॅकवर इतकं उचला की बोगीवरचा भार सुटेल, मग सॅडल आणि ब्रॅकेटच्या मध्ये पहार घाला आणि डायल गेज लावून वर-खाली, आत-बाहेर हलवा. मर्यादा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असते. गेजशिवाय नुसत्या डोळ्यांना खेळ दिसत असेल तर मी मॅन्युअल न उघडता बुश बाहेर काढतो. त्याच वेळी ब्रॅकेटचे बोल्ट आणि चेसिसचा सांधा बघा. बोल्टच्या डोक्याभोवती तांबडी भुकटी किंवा खाली ओघळ दिसला तर तिथं दोन पत्रे एकमेकांवर घासत आहेत, बोल्ट वरून कितीही घट्ट वाटला तरी.

गाडीखाली जाण्याबद्दल मी कडक बोलणार आहे. हौदा वर करून काम करायचं तर त्याला लोखंडी टेका लावल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही. हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर हौदा थांबत नाही. चेसिस घोड्यांवर (लोखंडी तिवयांवर) ठेवायचं, जॅकवर नाही, आणि घोड्या मातीत नाही, सिमेंटवर. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट. मागच्या ब्रेक चेंबरमध्ये दाबलेली जबर स्प्रिंग असते, तो चेंबर खोलायचा नाही; गरज असेल तर आधी बोल्टनं स्प्रिंग बांधून घ्यायची. पाट्यांचा गठ्ठा शंभर किलोच्या वर जातो, त्याला चेन ब्लॉक लावा. आणि सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी गठ्ठा मोठ्या शिकंज्यात आवळून धरा. मोकळा सोडलेला गठ्ठा उसळतो आणि हात जायबंदी करतो. उद्यमनगरातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, असा एखादा हात त्यानं पाहिलेला असतो.

गठ्ठा बाहेर आला की सॅडलची बैठक स्वच्छ धुऊन तिच्यावर सरळ पट्टी ठेवा. मधे खोलगट झाली असेल किंवा कडेला पायरी पडली असेल, तर नवा गठ्ठा त्यावर कधीच सपाट बसणार नाही. कितीही आवळा, पाटा आधी वाकेल आणि मग घट्ट लागेल. माझ्या अनुभवात वारंवार पाटे तुटण्याचं लपलेलं कारण पुष्कळदा हीच झिजलेली बैठक असते, आणि घाईच्या कामात तिच्याकडं कुणी बघत नाही. थोडी झीज असेल तर मशीनवर सपाट करून घेता येते. जास्त असेल तर सॅडल बदला. वरच्या, यू-बोल्ट ज्यावर बसतो त्या प्लेटचीही हीच तपासणी.

ट्रनियनचा शाफ्ट पुसून नख फिरवा. नख अडेल अशी खाच असेल तर नव्या बुशचं आयुष्य जुन्या खाचेनं ठरेल, म्हणून शाफ्टही बदला. बुशच्या कामात कोल्हापूरकर नशीबवान आहेत. फाउंड्रीचं गाव असल्यामुळं शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत चांगल्या ब्राँझचा बुश मापात करून देणारे आणि सॅडल बोअर करणारे कसबी लोक सहज मिळतात. त्यांना जुना बुश नमुन्याला देऊ नका, तो झिजलेला आहे. शाफ्टचं आणि सॅडलच्या भोकाचं मोजलेलं माप द्या. बुश घनानं ठोकायचा नाही, प्रेसवर दाबायचा. दाबताना बुशचं ग्रीसचं भोक सॅडलच्या निप्पलच्या भोकासमोर येतं का, हे दोनदा बघा. ते चुकलं तर पुढं कितीही ग्रीस मारा, आत थेंब जाणार नाही आणि बाहेरून कुणाला कळणार नाही. सील आणि थ्रस्ट वॉशर नवे घाला. सॅडलमध्ये ग्रीसऐवजी ऑइल असणारी रचना असेल तर पातळी आणि हवेचं भोक तपासा.

ग्रीस मारण्याचीही एक रीत आहे. ट्रनियनवर भार असताना बुशचा खालचा अर्धा भाग शाफ्टला चिकटलेला असतो, आणि झीज नेमकी तिथंच होते. भार असताना मारलेलं ग्रीस वरच्या मोकळ्या बाजूनं फिरून बाहेर येतं. म्हणून चेसिस थोडं उचलून भार सोडा, मग जुनं काळं ग्रीस निघून नवं स्वच्छ ग्रीस दोन्ही कडांनी येईपर्यंत मारा. जून ते सप्टेंबरमध्ये हे जास्त वेळा करा.

आता पाटे. तुटलेला एकच बदलण्यात काय बिघडतं ते तुमच्याच गाडीनं तीन वेळा दाखवलं आहे. बाकीचे पाटे भार खाऊन थोडे सपाट झालेले असतात आणि नव्याची कमान पूर्ण असते. गठ्ठा आवळला की नवा पाटा रिकाम्या गाडीतच अर्धा ताणला जातो आणि भार आल्यावर तोच सगळ्यांच्या आधी ओढायला लागतो. दमलेल्या बैलांच्या जोडीत ताजा बैल जुंपला की तोच ओढत राहतो आणि तोच आधी बसतो, तसं. म्हणून उजवा गठ्ठा पूर्ण बदला. डावाही त्याच वेळी बदलावा असं माझं मत आहे, कारण डाव्यानंही तेवढ्याच खेपा मारल्या आहेत आणि एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी उलट्या बाजूला झुकेल. पैशाची अडचण असेल तर जुन्या डाव्या गठ्ठ्यातले पाटे सुटे करून खालचा पृष्ठभाग आणि कमान तपासा. कमान नव्याशी जुळत असेल आणि चीर कुठंच नसेल तरच तो परत घाला.

घनानं ठोकून किंवा गॅसनं तापवून जुन्या पाट्याला कमान देणारे आहेत. काम स्वस्त होतं, पण पाट्याचा जीव पोलादाला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून-थंड करून आणलेल्या कडकपणात असतो. गॅसच्या ज्योतीनं ते पाणी उतरतं, घनाच्या घावापासून चीर धरते, आणि कारखान्यात छऱ्यांचा मारा करून पृष्ठभागाला दिलेली ताकद जाते. वेल्डिंग तर पाट्यावर कधीच नको. त्या पोलादात कार्बन जास्त असतो, वेल्डच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि पाटा तिथंच पुन्हा तुटतो.

नवा गठ्ठा लावताना पाटे मापाप्रमाणं ओळीत आहेत का, क्लिपा मोकळ्या आहेत का, आणि सेंटर बोल्टचं डोकं सॅडलच्या खाचेत पूर्ण बसतं का ते बघा. डोकं खाचेच्या कडेवर राहिलं तर सगळं वरवर घट्ट दिसतं आणि पहिल्या खेपेत बसून सैल होतं.

यू-बोल्ट जुना परत वापरायचा नाही, मग तो नवा दिसत असला तरी. एकदा पूर्ण आवळला की तो ताणलेला असतो आणि त्याचे आटे दबलेले असतात. इथं मला आपल्याच गावाच्या कसबाला एक अपवाद करावा लागतो. गोल सळी तापवून, वाकवून, लेथवर आटे पाडून तासाभरात यू-बोल्ट करून देतात, तो घेऊ नका. मूळ यू-बोल्टचं पोलाद उच्च ताकदीचं असतं, आटे दाबून काढलेले असतात आणि वळणाला पाणी उतरलेलं नसतं. ज्या वस्तूवर हौद्यातला सगळा माल लोंबकळतो ती कंपनीची किंवा तिच्या तोडीचीच हवी. नट आणि वॉशरही नवे.

आवळणं गाडीचा भार पाट्यावर आल्यानंतरच. नट समोरासमोरचे, फुलीच्या क्रमानं, तीन-चार टप्प्यांत. एअर गन नट उतरवायला आणि चढवायला ठीक आहे, शेवटचा आकडा टॉर्क रेंचनंच. मॅन्युअलमधला आकडा तुमच्या बोल्टच्या जाडीप्रमाणं असतो. उदाहरणार्थ ६०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण ६० किलोचा जोर. एवढ्यावरून लक्षात येईल की गाडीखाली आडवं पडून हातपान्यानं तो लागत नाही. आटे कोरडे ठेवायचे की तेल लावून, हेही मॅन्युअलप्रमाणंच करा, कारण तेल लावलेल्या आट्यात त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. काम झालं की प्रत्येक नटावर आणि प्लेटवर रंगाची एक सलग रेघ मारा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल आणि ड्रायव्हरला रोज सकाळी नुसत्या नजरेनं कळेल.

टॉर्क रॉडचे बोल्टही गाडी आपल्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळा, नाही तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग सुरुवातीची मापं पुन्हा घ्या. ट्रनियनपासून हबपर्यंतचं अंतर दोन्हीकडं जुळत नसेल तर रॉडच्या टोकाला शिम (पातळ पत्रा) घालून जुळवा. ते जुळल्याशिवाय नवे टायर घालू नका.

पहिली भरलेली खेप झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा टॉर्कवर घ्या. नवे पाटे भार आल्यावर एकमेकांवर बसतात, मधला रंग दबतो आणि बोल्ट थोडा ढिला होतोच. त्यानंतर ५०० किलोमीटरच्या आसपास परत, आणि पुढं प्रत्येक सर्व्हिसला. दुरुस्ती चांगली करून ही दुसरी आवळणी विसरलेल्या गाड्या माझ्याकडं सेंटरच्या भोकातून तुटलेले नवे पाटे घेऊन येतात.

चेसिसमध्ये किंवा ब्रॅकेटपाशी चीर सापडली तर रस्त्यावरच्या वेल्डरकडून पट्टी मारून घेऊ नका. चेसिसच्या वरच्या-खालच्या पात्यावर आडवं वेल्डिंग केलं की चीर त्याच्या शेजारी सरकते. हे काम कंपनीच्या पद्धतीप्रमाणं करणाऱ्याकडंच. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर कुठल्याही वेल्डिंगआधी बॅटरी सोडा आणि कंट्रोल युनिटबद्दल मॅन्युअल काय सांगतं ते वाचा.

ड्रायव्हरशी दोन गोष्टी बोला, पण रागावून नको. ओला मुरूम हौद्याला चिकटला की हौदा वर ठेवून गाडी पुढं घेऊन करकचून ब्रेक मारतात, म्हणजे माल सुटावा. त्या वेळी जवळजवळ सगळं वजन बोगीवर आलेलं असतं आणि तो झटका थेट टॉर्क रॉडच्या रबरावर आणि यू-बोल्टवर बसतो. गाडीतून उतरून, हौदा खाली घेऊन, मग चिकटलेला माल खोऱ्यानं काढावा. आणि खाली करताना जमीन आडवी सपाट हवी. एक बाजू खाली असताना हौदा उचलला तर त्या बाजूचा गठ्ठा फार जास्त दबतो, आणि गाडी उलटण्याचा धोका वेगळा. सातारा-कागल सहापदरीकरणासारख्या भरावाच्या कामावर अशी तिरकी जागा रोज समोर येते, तिथं दोन मिनिटं थांबून जागा सपाट करून मागणं हा ड्रायव्हरचा हक्क आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, तोवर गाडी चालवू का. रिकामी गाडी हळू चालवत वर्कशॉपपर्यंत न्या, पण त्याआधी उजव्या यू-बोल्टचे नट आणि टॉर्क रॉडची टोकं बघून घ्या. त्यांपैकी काही सुटलेलं किंवा तुटलेलं असेल तर जागेवरच मेस्त्रींना बोलवा. भरून मात्र एकही खेप मारू नका, आणि करूळ किंवा आंबा घाटाकडं तर रिकामीही नेऊ नका. उतारावर ब्रेक लागला आणि सैल टॉर्क रॉडमुळं एक ॲक्सल वळला की गाडीची शेपूट बाहेर जाते, तेव्हा स्टिअरिंग काहीच करू शकत नाही. शाफ्ट, बुश, दोन्ही गठ्ठे आणि यू-बोल्ट आधी आणून ठेवले तर काम साधारण तीन दिवसांचं आहे. सामान यायच्या आधी गाडी उघडून ठेवली तर ती आठवडाभर उभी राहील, म्हणून मापं आणि मॉडेल नंबर घेऊन आधी सामान गोळा करा.